बुटांच्या माऱ्यातलं गाणं

"कापून टाका तो प्रसंग. मी तर उलट आभारच मानीन तुमचे," बिरेत म्हणाली.

फिल्म-संग्रहालयाचा हेनिंग तेवढ्यासाठीच स्टॉकहोमहून दूर उत्तरेला योकमोकला आला होता. पलटणीवरचा एक जुना विनोदी चित्रपट नव्याने प्रदर्शित व्हायचा होता. त्यात उत्तरेकडच्या सामी या आदिवासी जमातीच्या शिपायाची बराकीत केलेली टवाळी आता लोकांना खटकत होती. ते काम केलेला नीलास केव्हाच वारला होता. त्याची एकुलती एक लेक बिरेत. ती म्हणेल तसं होणार होतं.

तिने तो चित्रपट लहानपणी एकदाच पाहिला, तोही अर्धा. बापाने उलटी टोपी घालून रेनडियरसकट कवायतीत घुसावं, हवालदाराने कपाळावर हात मारावा आणि थिएटरची हसून मुरकुंडी वळावी! बराकीतलं गाणं सुरू व्हायच्या आतच ती बाहेर पळाली होती. शाळेत पोरं विचारायची, "तुझा बाप का गं तो येडा?" ती म्हणायची, "आमचा कुणी नाही." हे नीलासच्या कानावर गेलं. बिरेतला ते जन्मभर सलत राहिलं, पण राग मात्र बापावरच राहिला.

"कापायच्या आधी एकदा बघून तर घ्या," असं म्हणत हेनिंगने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. शेजारी सुन्ना आत्या कॉफीत चीजचे तुकडे बुडवत बसली होती. ही नीलासची बहीण, डोळे गेलेली, कान मात्र शाबूत.

पडद्यावर हवालदार ओरडला, "गा रे तुझ्या भाषेत काहीतरी!" नीलास खाटेवर उभा राहिला आणि गाऊ लागला. पलटण खिदळली. पहिला बूट आला. बिरेतने तोंड फिरवलं.

आत्याचा पेला मात्र हवेतच थांबला. ती हळूच तेच सूर गुणगुणू लागली.

"आत्या, अगं काय हे? तुला कसं येतं?"

"न यायला काय झालं? तुझंच योइक आहे गं हे. तू पाळण्यात होतीस तेव्हा वर डोंगरात गायचा तुला. तुझ्या आईने पाप म्हणून बंद पाडलं."

सामी माणसाचं योइक म्हणजे त्याच्याविषयीचं गाणं नव्हे, तो माणूसच. दूर असलेल्याला जवळ आणायचं तर त्याला गायचं. बिरेतच्या घरात मात्र धर्मोपदेशकाच्या धाकाने कुणी ओठ हलवत नसे. आपलंही एखादं योइक असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

"घरी गायची चोरी," आत्या म्हणाली. "तिकडे दक्षिणेत, शूटिंगला, कोण ओळखतंय? भर बराकीत लेकीला गाऊन घेतलं बघ गड्यानं!"

बिरेतने पडद्याकडे पाहिलं. बूट खांद्यावर आदळत होते, एक कानशिलावर बसला. नीलास वेडीवाकडी तोंडं करत नव्हता. त्याचे डोळे मिटलेले होते, आणि तो थांबत नव्हता.

हेनिंग ओशाळला. "पुरे ना, बाई? हे आपण काढूनच टाकू," म्हणत त्याने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

बिरेतने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "माझे बाबा मला बोलावतायत."