चौथी नन

तिसरी मुलगीही दचकली. पिस्तुलाचा बार उडताच तिचे खांदे उडाले आणि दिग्दर्शक हॅस्केटने कॅमेरा थांबवला.

"खलनायक चर्चमध्ये गोळी झाडतो आणि प्रार्थनेला बसलेल्या ननची पापणीही हलत नाही," तो थकून म्हणाला. "एवढंच मागतोय मी."

न्यूयॉर्कसमोरच्या फोर्ट ली गावात, मूकपटांच्या त्या काचेच्या स्टुडिओत सकाळपासून बारुदाचा वास कोंडला होता. मुलीने डोक्यावरचं काळं कापड उतरवलं. ब्रॉन्काने धाकट्या बहिणीला, टेक्लाला, हाताला धरून पुढे आणलं. आज काम मिळालं नाही तर पुन्हा नदीपलीकडचा शर्टांचा कारखाना होता, आणि तिथल्या मुकादमाने मागच्या खेपेला टेक्लाला दुपारच्या आतच हाकललं होतं.

पुढे टेक्लाच्या ज्या चेहऱ्यासाठी थिएटरांबाहेर रांगा लागणार होत्या, तो आज फक्त चौथ्या ननचा होता. पडद्यावर नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा बड्या नटांचंही येत नसे.

"ही नाही दचकणार, साहेब," ब्रॉन्का म्हणाली. "पोलंडात आमच्या गल्लीत घोडेस्वार गोळ्या झाडायचे, तेव्हा ही शांतपणे सूप प्यायची."

"बंदुकीला नाही घाबरत, मग नवऱ्याला काय घाबरणार!" नुकतीच बाद झालेली मुलगी पुटपुटली.

हॅस्केटने टेक्लाला निरखलं. "बोलत का नाही ही?"

"इंग्रजी येत नाही तिला."

"बोलायचंय कोणाला इथे?" तो हसला. "मी हाक मारली की डोळे उघडायचे. तोवर मिटलेले."

चालू दृश्यात ओरडून सूचना द्यायची सगळ्याच दिग्दर्शकांची रीत होती. ब्रॉन्काने चाचरत विचारलं, मीही शेजारी नन होऊन बसू का? तुमचं बोलणं मी तिला हात दाबून कळवेन. हॅस्केटने खांदे उडवले. पण हिच्यापायी दृश्य बिघडलं तर दोघीही बाहेर, हे त्याने बजावलं.

दोघी गुडघ्यांवर बसल्या, जपमाळेखाली हातात हात. कॅमेऱ्याचा दांडा फिरू लागला. खलनायक झालेला डोरन पिस्तूल घेऊन पाठीमागून येत होता, त्याच्या बुटांचा आवाज जवळ येत होता. आपण दचकलो तर हात हलेल, हात हलला तर टेक्ला हलेल. ब्रॉन्काने जीभ दातांखाली धरली.

बार उडाला. तोंडात रक्ताची चव आली, पण तिने हात दगडासारखा ठेवला.

"आता डोळे," हॅस्केट ओरडला. तिने हलकेच बोटं दाबली. टेक्लाने सावकाश डोळे उघडले, आणि कॅमेरावाला दांडा फिरवता फिरवता पुढे झुकला.

"पापणीसुद्धा नाही हलली पोरीची!" हॅस्केट धावत आला. उद्यापासून रोज यायचं, नायिकेच्या बहिणीचं काम हिलाच, असं त्याने तिथेच जाहीर केलं.

ब्रॉन्का रडू लागली. टेक्ला गोंधळून तिच्याकडे, मग हॅस्केटच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत राहिली. मग तिने बहिणीचा तळहात उलटा केला आणि बोटाने त्यावर एकेक अक्षर काढत विचारलं: बार कधी उडणार?