कडीवरचा चेंडू

ओवाळून झालं तरी गुणाजीने ताटात काही टाकलं नाही. गोदा निरांजन घेऊन भावासमोर तशीच उभी.

"काय ते बोल," गुणाजी म्हणाला.

"दादा, यंदा लुगडं नको, काही नको. फायनल तेवढी आमच्या ह्यांच्या टीमला जिंकू दे."

नणंदेच्या चुलीपाशी वडे तळणाऱ्या गुणाजीच्या बायकोचा, गंगुबाईचा हात थांबला. बरं झालं, गोदाचा नवरा, उत्तम, विड्याची पानं आणायला बाहेर गेलेला.

गोदाने उगाच तोंड उघडलं नव्हतं. गुणाजी आणि उत्तम, दोघंही बास्केटबॉलवर पोट भरणारे. गुणाजीला शहाडच्या मिलने खेळावरच नोकरीत घेतलं होतं, तो केव्हाच कायम झाला. उत्तम मात्र ठाण्याच्या कारखान्यात अजून टेंपररी. त्याच्या मालकाने यंदा, छप्पन सालच्या दिवाळीतच, सगळ्यांना ऐकवलं होतं: कप आणलात तर कायम, नाही तर खेळाच्या नावाने घेतलेली सगळी माणसं घरी. आणि फायनलला समोर कोण येणार, तर दर वर्षीप्रमाणे गुणाजीची मिल.

"खेळ ओवाळणीत मागतात होय?" गुणाजी असा कडाडला, की शेजारची शेवंती दारात येऊन उभी राहिली. "मिलचं मीठ खातो मी! चेंडू हातात आला की मला ना बहीण, ना मेव्हणा!"

पानावर न बसताच त्याने चपला घातल्या.

भाऊबीजेला बहिणीचं ताट रिकामं ठेवून भाऊ उठला! शेवंतीने पाहिलं म्हणजे अख्ख्या कोपरी वस्तीने पाहिलं. गंगुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या दोन्ही बाळंतपणांत गोदाच उशाशी बसली होती. सख्खी बहीण काय करील एवढं तिने केलं होतं. आता तिची कच्चीबच्ची रस्त्यावर यायची, तीही मामाच्या हातून.

दुसऱ्या दिवसापासून गुणाजीने सराव धरला. पाळी सुटली की घरी चहासुद्धा न घेता तो मिलच्या मैदानावर जायचा. चाळीच्या ओट्यावरून गंगुबाईला सगळं दिसायचं. तो फक्त फ्री थ्रो टाकायचा. समोरच्याने फाऊल केला की रेषेवरून मोकळा नेम धरायला मिळतो, तेवढाच एक चेंडू, पुन्हापुन्हा.

पूर्वी गुणाजी चेंडू सोडून पाठ फिरवायचा. आत गेला का, ते बघायचाही नाही. आता चेंडू बास्केटच्या लोखंडी कडीवर आपटायचा, घरंगळायचा आणि बाहेर पडायचा. तो पुन्हा उचलायचा, पुन्हा टाकायचा. हिवाळा सरला, होळी झाली, उन्हं तापली, तरी खंड नाही.

"वय झालं गुणाजीचं," चाळीतले म्हणायचे. "पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

एखादा चेंडू सरळ आत गेला तरी त्याच्या कपाळाला आठ्या. समाधान म्हणजे काय ते माहीतच नाही या माणसाला, गंगुबाईच्या मनात यायचं. तिने अबोला धरून पाहिला. शेवटी एकदा मैदानावर जाऊनच ती म्हणाली, "एवढी जिद्द कशाला, बहिणीचं घर मोडायला?"

"हात बसला पाहिजे," गुणाजी म्हणाला आणि चेंडू आणायला गेला.

जिद्दीचं कारण तिला ठाऊक होतं. मिलच्या साहेबाने शब्द दिला होता, कप आणलास तर मुकादमी तुझी. मुकादमी गंगुबाईलाही हवी होती, खोटं कशाला बोला! पण गोदाच्या पोरांच्या तोंडचा घास काढून नको होती. ती गुपचूप देवीपाशी गेली आणि नवरा हरावा म्हणून नवस बोलून आली. अशी वेळ वैरिणीवरही येऊ नये.

फायनल ठाण्याला झाली. गुणाजी अंगात आल्यासारखा खेळला. लांबून काय टाकले, धावत काय टाकले, उत्तमच्या टीमचा दम निघाला. फ्री थ्रो तेवढे आत जायला तयार नव्हते. शेवटी मिल एका गुणाने मागे, वेळ संपत आलेली, आणि उत्तमच्याच हातून फाऊल झाला. मिळणार एकच फ्री थ्रो.

गुणाजी रेषेवर उभा राहिला. हा घातला की बरोबरी, मग जादा वेळ. आणि जादा वेळ खेळायचं त्राण समोरच्यांत उरलेलंच नव्हतं. गर्दीत कुठेतरी गोदा पदर तोंडात धरून उभी होती.

चेंडू कडीवर बसला. एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. सगळं मैदान उभं राहिलं. चेंडू बाहेर पडला आणि शेवटची शिट्टी झाली.

गुणाजी गुडघ्यांवर कोसळला, जमिनीवर हात आपटू लागला. साहेबाने स्वतः येऊन त्याला उठवलं. "नशीब, गुणाजी. कसर तू ठेवली नाहीस. मुकादमीचं मात्र आता दुसऱ्या कुणाला तरी..."

गुणाजी घरी आला. गंगुबाईने पाणी तापवलं, त्याच्या सुजलेल्या पायांवर ओतलं आणि तिला रडूच फुटलं.

"मी पापीण आहे हो. तुम्ही हरावं म्हणून नवस बोललेले. माझ्यामुळे तो चेंडू बाहेर आला. तुमची एवढी मेहनत मातीत घातली मी."

गुणाजी उठला. ओल्या पायांनी जाऊन त्याने दार लावलं, कडीही घातली.

"हळू बोल. नवसाने काही झालेलं नाही," तो म्हणाला. "सरळ चुकवला असता तर शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. कडीवर दोनदा फिरवून बाहेर काढायचा, त्यालाच तर सहा महिने घाम गाळला मी."