वळणावर थांबणारी गाडी

गाडी पुन्हा त्याच वळणावर थांबली.

बिनचालकाची ती गाडी लोखंडी भाग एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणार होती. भाग बदलला की मशीन आपलं आपण टूल बदलणार होतं. निदान ठरलं तरी तसं होतं. प्रत्यक्षात चाचणीच पुढे सरकत नव्हती.

जुन्या विभागाच्या फोरमननं ही नवी स्वयंचलित लाइन बसवणाऱ्या इंजिनीअरकडे पाहिलं. तो त्याचा जावईच होता.

"काय जावईबापू, गाडीला दृष्ट लागली का?"

"सेन्सर नवा आहे, बाबा. वेळ लागणारच." जावयानं मान वर केली नाही. "तुमची पेन्शनची वर्षं मार्चमध्येच पुरी होतात ना?"

फोरमनच्या मनात पाल चुकचुकली. लाइन चालली की तिचा प्रमुख तुम्हीच, असा शब्द मॅनेजरनं त्याला दिला होता. पण चाचणी लांबली, फोरमन निवृत्त झाला, तर ती खुर्ची कुणाला?

संध्याकाळी त्यानं लेकीला गाठलं. "तुझ्या नवऱ्याचा माझ्या खुर्चीवर डोळा आहे."

"काहीतरीच काय, बाबा! तुमच्या काळजीनं जेवण जात नाही त्यांना."

"हो तर! मी कधी उठतो, याचीच काळजी!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो जुन्या लेथमागे दबा धरून उभा राहिला. वर्कशॉप रिकामं झालं. जावई आला, वळणाशी वाकला आणि सेन्सरच्या काचेवर धुरकट चिकटपट्टीचा तुकडा अंगठ्यानं दाबून बसवला.

फोरमन थेट मॅनेजरलाच घेऊन आला.

जावयानं काहीच नाकारलं नाही. "बाबा, मला आधी विचारायचं तरी," एवढंच म्हणाला. ओळखपत्र काढून मॅनेजरच्या हातात दिलं आणि निघून गेला.

मॅनेजरनं पट्टी सोलून काढली, बटण दाबलं. गाडी वळण घेऊन पुढे गेली. पहिलं मशीन, दुसरं, तिसरं. कुठंच अडखळली नाही.

फोरमननं नव्या लाइनच्या कंट्रोल रूमच्या चावीसाठी हात पुढे केला.

मॅनेजरनंही हात पुढे केला होता. "जुन्या विभागाची चावी द्या. लाइन चालली, विभाग बंद, माणसांसकट. तुम्हाला हे सांगायची जावयाला बंदी होती. मार्चपर्यंत मुदत द्या म्हणून तो का मागे लागला होता, ते मला आत्ता कळलं."