गाडीची तब्येत

"बाबा, अर्ध्या किलोमीटरवरच्या शाळेसाठी डिझेल गाडी घेता का पेट्रोल?" मैत्रिणींनी 'विचारून दाखव' अशी पैज लावली, म्हणून दहावीतल्या आम्रपालीने जेवता जेवता विचारूनच टाकलं.

त्याच शाळेत शिकवणाऱ्या तिच्या बाबांचं, नागसेन गुरुजींचं, मन डिझेलवर जडलेलं, पण घोडं अडलं होतं. "शोरूमवाला म्हणते, डिझेल गाडी रोज लांब पळाली नाही तं आजारी पडते," ते कळवळून म्हणाले.

कालच त्यांनी पोरीला बजावलं होतं, "आदिलाबादचं कॉलेज पन्नास किलोमीटर. रोज इतकं लांब जायचं नाव काढू नको."

आम्रपालीने शांतपणे हात धुतले.



"आई, बाबा, ठरलं. डिझेलच घ्या. गाडीच्या तब्येतीसाठी मी रोज आदिलाबादले जाईन."