चांदणीच्या गळ्यातला पैसा

दुकानात शिरताना अमृतने चेहऱ्यावरचा आनंद पुसून टाकला. नाणी जमवणाऱ्याचा पहिला नियम तोच. गिऱ्हाईक खूश दिसलं की भाव चढतो.

पण आज ते अवघड जात होतं. नसरापूरच्या बाजारात, कासरे, घुंगरमाळा आणि म्हशींच्या साखळ्यांच्या मधोमध, खडूनं लिहिलेली पाटी लटकत होती : ‘जुनी नाणी बघायला मिळतील.’ विकत मिळतील असं नव्हतं. बघायला मिळतील. पुण्यातल्या दुकानांत आधी गिऱ्हाइकाची चप्पल बघतात आणि मग ठरवतात, ट्रे काढायचा की नाही. अमृत भोरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. त्याची चप्पल आजवर एकदाही पास झालेली नव्हती.

“या, बसा,” म्हणत मालक गेनबांनी पेंडीचं पोतं झटकून पुढं सरकवलं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा सरळ त्याच्या मांडीवर रिकामा केला. अमृतने घाईघाईनं रुमाल काढला आणि एक नाणं अलगद कडेनं धरलं.

“अवो, हातानं धरा की. पैसा हाय, इंचू न्हाई.”

“हाताचा घाम लागला तर खराब होतं.”

“ह्येला तर समद्या तालुक्याचा लागलाय.”

चहा न मागता आला. कप अर्धा होईतो अमृत दोनदा मोठ्यानं हसला होता. मग त्याला नियम आठवला. तो गंभीर झाला आणि छताकडे बघत म्हणाला, “भोकाचा पैसा असेलच म्हणा तुमच्याकडे. आपलं सहज विचारलं.”

या सहजसाठी तो गावोगाव हिंडला होता. मधे भोक असलेल्या त्या पैशाची बाकी सगळी सालं त्याच्या अल्बममध्ये होती. सत्तेचाळीसचं तेवढं नव्हतं. त्या जागी रिकामा कप्पा होता आणि अल्बम उघडला की पहिली नजर त्या कप्प्यावरच जायची.

“हाय की,” गेनबा म्हणाले. “दारातच हाय. येताना तिलाच वलांडून आलासा.”

दारात शेळी बांधली होती. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात पैसा.

अमृत बाहेर गेला, भिंग काढलं आणि शेळीपुढे गुडघ्यांवर बसला. शेळीनं भिंगाचा वास घेतला, मग शर्टाच्या बटणाची चव पाहिली. समोर सीटा भरल्या की सुटणाऱ्या वडापच्या रिक्षा लागल्या होत्या.

“चांदणीचं डॉक्टर आलं वाटतं,” एक रिक्षावाला म्हणाला.

अमृतला ऐकू गेलं नाही. झिजलेल्या आकड्यांत त्याला चार दिसला. रुमालानं मळ पुसला तर चाराच्या पुढे, सात.

“सत्तेचाळीस!” तो भर बाजारात ओरडला. “सत्तेचाळीस आहे हो!”

“किलो?” रिक्षावाल्यानं विचारलं.

पहिला नियम असा रस्त्यावर पडला. गेनबांना मात्र भाव चढवायचं सुचलंच नाही. पाहुणा खूश झाला म्हणून तेही खूश झाले आणि दोऱ्याची गाठ सोडायला वाकले.

“हात लावू नगा!”

हे वाक्य अमृतला पुण्यातल्या दुकानांपासून पाठ होतं. फक्त या खेपेला ते मालकाला उद्देशून होतं. आतून गेनबांची बायको बाळाबाई ओला हात पदराला पुसत बाहेर आली.

“तिचा पैसा काडला की नजर लागती. मागं तुमीच काडला हुता, घासायला. दूध आटलं का न्हाई?”

“आटलं,” गेनबा म्हणाले.

अमृतने पिशवीतून अल्बम काढला. आतल्या पाकिटातून त्यानं आपला सगळ्यात देखणा नग बाहेर काढला. त्रेचाळीस सालचा, त्याच्याकडे दोन होते त्यांतला एक, टांकसाळीतून आजच आल्यासारखा लालसर चमकणारा. तो त्यानं आजवर कुणाला दाखवला नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं.

“त्याच्या बदली हा बांधा. यालाही भोक आहे. असा नग तुम्हाला पुण्यातही मिळायचा नाही.”

बाळाबाईनं तो ओल्या तळहातावर घेतला. अमृतने डोळे मिटले. तिनं तो उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला.

“ह्यो कोरा हाय.”

“कोराच आहे! म्हणून तर...”

“कुनाच्या हातात गेला न्हाई, कुनाच्या गळ्यात बसला न्हाई. नजर अडवायची कशी, ह्येला काय ठावं?”

अमृतकडे नाण्यांच्या प्रतवारीवर दोन जाड पुस्तकं होती. दोन्हींत या मुद्द्याचा विचार झालेला नव्हता.

शेवटी गेनबांनीच तोड काढली. “आसं करू. दोनी बांधू. जुन्याच्या शेजारी ऱ्हाऊन नवा शिकंल. मुरला की जुना तुमचा.”

“आणि मुरला हे कोण ठरवणार?”

“मी हाय की,” बाळाबाई म्हणाली.

“किती दिवस लागतील?”

“ते तुमच्यावर हाय. येत जावा आइतवारी. चा प्या, बसा, तिला पाला घाला. हाताळल्याबिगर पैसा मुरत न्हाई.”

गेनबांनी कोरा पैसा दोऱ्यात ओवला. चांदणीनं मान झटकली. दोन्ही पैसे एकमेकांवर वाजले. अमृतच्या अल्बममधून असा आवाज कधी आला नव्हता.

“सायेब, फाट्याला येताय का? येकच शीट ऱ्हायलंय!” रिक्षावाल्यानं हाक दिली.

“पुढच्या खेपेला,” अमृत म्हणाला.

त्यानं रुमालाची घडी घालून खिशात ठेवली, पुन्हा चांदणीपुढे बसला आणि उघड्या अंगठ्यानं कोरा पैसा घासायला लागला.