खात्यातली बोली

“सही करू नको,” धुरपदाबाई सुनेला म्हणाल्या, डॉक्टरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. “आपली पोर काय उंदीर शे का, नवं औषध लाई देखाले?”

वर्षा त्या संमतीच्या कागदावर सही करणारच नव्हती. सुरतेजवळच्या भेस्तानच्या बालवाडीत त्या दिवशी मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टर आल्या होत्या. लूमवाल्यांच्या मुलांचे कान एवढे का फुटतात, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. ज्या मुलांना ऐकू कमी येतं त्यांचे दोन गट पाडायचे. अर्ध्यांना कानात घालायचे थेंब, अर्ध्यांना थेंबांबरोबर गोळ्याही. मग वर्षभर बघत राहायचं, कोणाचे कान सुकतात. सासूला यातलं काही कळलं नव्हतं म्हणून ती घाबरली होती. वर्षा अमळनेरला कॉलेजात शिकलेली, बीए झालेली. तिला सगळं कळलं होतं, म्हणून ती जास्त घाबरली होती.

वर्षाची धनश्री टेबलावर बसून पाय हलवत होती. डॉक्टरांनी तिच्या एका कानात दिवा धरून पाहिलं, मग दुसऱ्यात. डॉक्टर गुजराती होत्या. मराठी त्यांना समजायची, पण बोलणं सुरतेच्या हिंदीत.

“दोनों परदे फटे हैं, बेन. कब से बहता है?”

“दात आले तेव्हापासून,” वर्षा म्हणाली. “अधूनमधून. मी रोज पुसते.”

“कोना पोरना वाहत नही?” धुरपदाबाई मध्ये पडल्या. “आमना भूपेंद्रना, हिना नवराना, कानबी असाच वाहेत. काय व्हयनं त्याले? लूम चालाडस ना तो.”

“सुनने में कैसी है?”

“एकदम तेज.” वर्षा यासाठीच वाट बघत होती. पोरीला ऐकू नीट येतं हे सिद्ध झालं की कागदही नको आणि गटही नको. थेंब ती बाजारातून आणील. “आम्ही नवरा-बायको चोरून काही बोललो, तरी ही खोलीच्या त्या टोकाहून उत्तर देते.”

खोटं नव्हतंच ते. गल्लीतल्या बाया पोरं सोडून देत, ती दिवेलागणीला परत येत. वर्षाने धनश्रीला कधी नजरेआड होऊ दिलं नव्हतं. तिच्याशी बोलायचं तर पुढ्यात उकिडवं बसून, हनुवटी धरून. लांबून काही सांगायचं तर आधी तिने आपल्याकडे बघेपर्यंत थांबून. शेजारणी चिडवत, “काचना कपाटमा ठेव तिले.”

“बघा तुम्हीच,” वर्षा म्हणाली आणि थेट दारापर्यंत चालत गेली. शेजारच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम धडधडत होते. बालवाडीचे पत्रे त्यांच्याबरोबर थरथरत होते. धनश्री आईकडेच पाहत होती.

“धनू, आजीची पिशवी आण.”

पोर टुणकन खाली उतरली. आजीच्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली आणि आईपाशी नेऊन दिली. वर्षाने डॉक्टरांकडे पाहिलं. परीक्षेत पहिला नंबर यावा तसा तिचा चेहरा फुलला होता.

डॉक्टर हसल्या नाहीत.

“बेन, आप क्या बोलीं?”

“आजीची पिशवी आण म्हटलं.”

“मुझे तो कुछ सुनाई नहीं दिया.” त्या म्हातारीकडे वळल्या. “माजी, आपने सुना?”

“आयकानी काय गरज?” धुरपदाबाईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “तोंड देखीसन समजस. आमना घरमा समदा असाच बोलतस.”

वर्षाचा हात गळ्याशी गेला. आपण आवाज काढला होता का, तिला आठवेना. लूमच्या खात्यात माणसं ओठांनीच बोलतात. त्या खडखडाटात आवाज काढून उपयोग नसतो. भूपेंद्रने ती सवय घरी आणली. पाळी करून आला की त्याला तसंही काही ऐकू येत नसे. लग्नानंतर पहिल्या वर्षी वर्षाला त्याचं हसू यायचं. पुढे कधीतरी तीही तशीच बोलायला लागली, आणि घरात पोर जन्मली ती याच बोलीत.

“अब पीछे से देखते हैं,” म्हणत डॉक्टरांनी धनश्रीला पुन्हा टेबलावर बसवलं आणि मागे उभं राहून तिचं नाव घेतलं. मग आणखी मोठ्याने घेतलं. धनश्री पाय हलवत राहिली.

“परक्या माणसाला लाजते ती,” वर्षा म्हणाली. म्हणता म्हणता तिला गेल्या वर्षीचा प्लेग आठवला. अख्ख्या सुरतेने तोंडाला रुमाल बांधले होते. घरातही कोणी सोडत नव्हतं. त्या दिवसांत पोरीचं काय बिनसलं होतं कोण जाणे. हाक मारली तर बघायची नाही, सांगितलेलं करायची नाही, रुमाल ओढायची, मार खायची, रडायची. घाबरली असेल म्हणून वर्षाने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली होती. रुमाल सुटले तशी पोर शहाण्यासारखी वागायला लागली. दृष्ट उतरली, असंच सगळे म्हणाले होते.

वर्षा टेबलापाशी आली. रोजच्यासारखी धनश्रीच्या अगदी समोर उभी राहिली. पदराचं टोक घेतलं आणि आपल्या तोंडावर धरलं. या वेळी तिने आवाज काढला, डॉक्टरांनाही ऐकू जाईल असा.

“धनू, मी इथंच आहे.”

धनश्री तिच्या डोळ्यांत बघत थांबली. पदर आपोआप खाली येईल म्हणून तिने जरा वाट पाहिली. मग हात पुढे करून तिने तो स्वतःच खाली ओढला.

“हां,” ती म्हणाली. “आता बोल.”