बटणवाल्या बाईंचं दुकान

टपालकाका मोबाईलच्या शोरूमसमोर थांबले, बारा पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले, तरी मेळ बसेना. इथं घड्याळजी हवा होता. त्याला लागून बटणवाल्या बाई, मग चपलांचं दुकान. आता या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच सलग काच होती, आणि तिच्यात दुसरं कुणी नाही, ते स्वतःच भांबावून उभे होते.

त्यांची मुलगी कागद घेऊन शेजारी उभी होती. ती वाचनालयात कामाला होती. वाचनालयाच्या भिंतीवर या रस्त्याचा जुना नकाशा रंगवायचं ठरलं होतं, एकेका दुकानासकट. रंगारी सोमवारी येणार होता. आमच्या बाबांनी एकतीस वर्षं इथं टपाल वाटलंय, ते डोळे मिटून सांगतील, असं ती तिथं छातीठोकपणे बोलून आली होती. पण कागदावर या बाजूला चौकोन सतरा होते आणि काकांची दुकानं अठरा भरत होती. छत्रीवाला, चष्मेवाला, रंगाचं दुकान, सगळे कसेबसे बसले. बटणवाल्या बाईंना जागाच उरेना. मुलीचं म्हणणं, ते दुकान या बाजूला नव्हतंच. शाळेच्या गणवेशाची बटणं घ्यायला आई तिला रस्ता ओलांडून न्यायची. काका म्हणाले, काहीतरीच. पण आतून त्यांना धसका बसला. अलीकडे विसरायला होतं का, असं तिनं सकाळीच विचारलं होतं आणि त्यांनी ते उडवून लावलं होतं.

शेवटी दोघं बाईंनाच विचारायला गेले. बाई मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. ऐकू कमी यायचं, पण जीभ शाबूत होती. त्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, आणि कुणी काही विचारायच्या आत छत्रीवाल्याच्या तऱ्हेवाईकपणाचे दोन किस्से सांगून मोकळ्या झाल्या. मग मुलीकडे टक लावून पाहत म्हणाल्या, ही अगदी आईवर गेली, तीही अशीच बसायची, एक पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवून.

मुलगी हसली. आई बटणं घ्यायला यायची ते आठवतंय का, असं तिनं मोठ्यानं विचारलं.

"घ्यायला कशाला? रोज येऊन बसायची."

काकांना वाटलं, बाईंची गल्लत होतेय. रस्त्यावर इतक्या बायका यायच्या, दुसरी कुणी असेल, असं ते समजुतीनं म्हणाले. बाईंनी मान हलवली. गळ्याशी तीळ होता. हसताना तोंडावर हात धरायची. दुसरी कोण असणार?

मग बाईंनी सांगितलं ते असं. अकराच्या सुमाराला काका टपाल टाकून पुढे जायचे. साडेअकराला ती यायची. सगळी बटणं एकत्र झालेला एक मोठा डबा होता, तो पुढ्यात ओढून निवडायला लागायची. चार भोकांची इकडे, दोन भोकांची तिकडे. ती काही तिथं नोकरीला नव्हती. फारसं बोलायचीही नाही. तीन वाजता मुलगी शाळेतून यायच्या आधी उठून जायची. दुकान बंद होईपर्यंत हे चाललं. शटर शेवटचं ओढलं तेव्हा बाई रडल्या नव्हत्या, ती रडली होती.

काका ऐकत राहिले. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. दुपारी ती झोपते, अशी त्यांची समजूत होती. संध्याकाळी घरी आल्यावर ते तिला रस्त्यावरच्या बातम्या सांगायचे, घड्याळजीचा मुलगा पास झाला, चष्मेवाल्यानं नवी पाटी लावली. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, हो का? रोज. आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यावरचं तुम्हाला सगळंच ठाऊक असायचं." बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग त्याच म्हणाल्या, "घरात दुपारी फार शांत असतं, असं म्हणाली होती. एकदाच."

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं कागद बाईंपुढे सरकवला आणि दुकान नेमकं कुठल्या बाजूला होतं ते विचारलं. दोन्हीकडे होतं, बाई म्हणाल्या. आधी या बाजूला, घड्याळजीशेजारी. मालकानं जागा मागितली तेव्हा समोर गेलं. एवढंसं तर होतं, कुठंही मावायचं. मुलीनं पेन्सिल उचलली, पण कुठल्या चौकोनात लिहावं ते तिला ठरवता येईना.

"ती कुठं बसायची?" काकांनी विचारलं.

"दाराशी. उजेड तिथंच यायचा."

"रस्त्याकडे तोंड करून, की पाठ करून?"

बाईंना पटकन सांगता येईना. त्या उठल्या, आपली खुर्ची दाराकडे वळवून बसल्या, मांडीवर हात ठेवून जरा थांबल्या. मग पुन्हा उठल्या आणि खुर्ची उलटी फिरवून बसून पाहिली.